नदी भरल्यामुळे

१७ ऑगस्ट, संध्याकाळ

काय घडलं ते:

१. खडकांवरच्या कोरीव चित्रांचं फोटोंचं काम काल संपलं.
२. आज दुपारी घरी निघायला सामान घेऊन नदीवर गेले; डोंगरावरून खाली जायची वाट नदीपलीकडे आहे. वरचा बर्फ वितळून पाणी कमरेच्या वर आलं होतं.
३. परत आले.
४. येत्या रविवारी खाली शहरात, बिश्केकला, आमच्या घरी एल्दियारची आई माझ्या कानात कर्णफुलं घालणार आहे. ती घातली की लग्न पक्कं.
५. टेकाडावर चढले, कारण फोनला रेंज तिथेच आहे. आईला मेसेज केला: नदी भरल्यामुळे उशीर होईल.

चौथ्या मुद्द्याचा दुसऱ्या मुद्द्याशी संबंध नाही.

१८ ऑगस्ट

सकाळी निघायचं ठरलं होतं. पण कोरलेल्या रेघा सकाळच्या तिरक्या उन्हातच उठून दिसतात, आणि ते ऊन थोडाच वेळ टिकतं. सूर्याचं डोकं असलेला माणूस पुन्हा टिपला. आधीचे फोटो चांगले होते. हे जास्त चांगले आहेत.

दुपारी नदीवर. पाणी चढलेलं. आईला कळवलं. तिचं उत्तर: पाहुण्यांना सांगून झालंय, नदी काय जन्मभर भरून राहणार आहे?

एल्दियारमध्ये दोष नाही. दात चांगले आहेत. माझ्याशी बोलताना तो माझ्या आईकडे बघतो.

१९ ऑगस्ट

उद्या नक्की. आज बोकडांचा खडक राहिला होता. (राहिला नव्हता, पण एका फ्रेमच्या कोपऱ्यात मेंढी आली होती. काम म्हणजे काम.)

दुपारी पाणी चढलेलं.

मी ज्यांच्या तंबूत राहते त्या मेंढपाळीण उलकान-एजे (एजे म्हणजे थोरली ताई) दूध घुसळता घुसळता म्हणाल्या की त्यांच्या कानात सासूने कर्णफुलं घातली तेव्हा कोणी काही विचारलंच नव्हतं. पुढे म्हणाल्या, आमच्या वेळी मध्ये नदीसुद्धा नव्हती.

मी त्यांच्याशी कर्णफुलांबद्दल कधी बोलले ते आठवत नाही.

२० ऑगस्ट

सर्व चित्रं झाली. आता कोऱ्या खडकांचे फोटो हवेत. तुलनेसाठी. शास्त्रीय कामात ते लागतंच.

एजे मागे येऊन उभ्या राहिल्या. यावर काय आहे, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. मग कशाला? काही नाही हे दाखवायला. त्या इतक्या हसल्या की हातातली बादली हिंदकळली. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तेही हसले. मी चहा घेतला.

दुपारी नदी. भरलेली.

२१ ऑगस्ट, सकाळ

आईचा मेसेज. एल्दियारची आई म्हणते, मुलगी खाली येत नसेल तर आपण वर जाऊ. शनिवारी सकाळी येतायत. घोडे ठरले, सोबत मेंढी आणतायत. घोडेवाला म्हणाला, सकाळी काही अडचण नाही. अडचण नाही म्हणजे काय, आईने विचारलंय.

रात्री दंव गोठलं होतं, वरचा बर्फ वितळणार नाही. आज पाणी चढणार नाही.

ठीक आहे. शनिवारच्या आत मीच खाली जाते. निर्णय झाला. सामान बांधलं.

२१ ऑगस्ट, दुपार

नदीच्या मध्यापर्यंत गेले. पाणी गुडघ्याखाली. ट्रायपॉड तंबूत विसरला म्हणून मागे फिरले.

एजे काठावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, ट्रायपॉड तुझ्या खांद्यावर आहे."

मी काठावर आले.

त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. "ती माझी गाय. रोज सकाळी पलीकडे जाते, पाणी चढायच्या आत येते. गाभण आहे. तिला कधी अडवलं नाही या नदीने."

मग त्यांनी ट्रायपॉड माझ्या खांद्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तंबूकडे चालू लागल्या. बूट वाळत घाल म्हणाल्या, आणि काय ते आईला सांग. मी खोटं सांगणार नाही तुझ्यासाठी, पण चहा देईन.

आईला पाठवलेला मेसेज, नोंदीसाठी:

आई, नदी रोज सकाळी उतरते. मी कधीही येऊ शकले असते. मला हे लग्न नको आहे. शनिवारी त्यांना वर आणू नकोस. कर्णफुलं न घालता मी घरी आले तर चालेल का, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव. मी टेकाडावर थांबते.