मुंबईला गेलेली तुळसा

परळ, मुंबई
ता. २ फेब्रुवारी १९३१

तीर्थरूप आईस,
महिपतचा शि. सा. नमस्कार. वि. वि. मी खुशाल हाय.

आई, काल शेजारचे हैबतीकाका दासगावच्या बोटीनं आले ते थेट खोलीवर. हातात लाडवांचा डबा. म्हणाले, आमच्या येसूनं तुळसासाठी धाडलेत, कुठंय पोर? मी चाटच पडलो! माझी बहीण तर पोलादपूरला सासरी. काका म्हणाले, तुझ्या आईनंच सांगितलं, दिवाळीपासून ती तुझ्याकडं हाय. गो आई, आमच्या खोलीत सगळे बाप्ये, आणि वाडीतलं कोणी ना कोणी सारखं इथं उतरतं. असली थाप टिकायची कशी? मी कसंबसं म्हटलं, बाजूच्या चाळीत ठेवलीय.

लाडवांचा डबा तसाच ठेवलाय. तुळसा जिती हाय ना? उलट टपाली कळव.

तुझी माया असू दे.
घाबरलेला महिपत

उमरठ
ता. ९ फेब्रुवारी

दादास तुळसाचा नमस्कार. वि. वि.

पत्र गुरुजींकडं वाचायला न्यायची आईला हिंमत झाली नाय, म्हणून मला वर आणून दिलं. दादा, मी जिती हाय. आपल्याच माळ्यावर, भाताच्या कणगीमागं. ओठाला नि हातांना कोड फुटलं. सासूनं ताट वेगळं केलं, मग नवऱ्यानं इथं आणून सोडलं. आई म्हणाली वर बस, मी बसले. मलाच माझी लाज वाटत होती. खाली येसूकाकी आली की खोकला दाबते. ती तुझं लग्न जमवतेय बरं का, सगळं ऐकलंय मी!

आईवर रागावू नको. माझ्यावर लोभ ठेव.
तुळसा

परळ
ता. १६ फेब्रुवारी

चि. सौ. तुळसास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आपल्याच घरात, असं? खुळे, तू काय चोरी केलीस? दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, कोड कुणाला लागत नाय म्हणाले. शिमग्याला येतो आणि तुला घेऊन जातो. इथं कोण ओळखतंय? तोंडावरून पदर घेतलास की झालं.

जीव जप.
तुझा दादा

उमरठ
ता. २७ फेब्रुवारी

दादास तुळसाचा नमस्कार. वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य वाचून रडले रे. तिथंही पदरातच राहायचं, तर माळा काय वाईट? आईला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात न्हाऊ घालते, गुण येईल. वाटेत बजावलं, कुणी विचारलं तर दुसऱ्या गावचं नाव सांग.

आणि कुंडावर कोण, तर येसूकाकी! गुडघे शेकायला आलेली. माझा पदर बाजूला करून ओरडली, गो बया, तुळसा? तू तर मुंबईला! तोंड नीट दिसलं तशी मागं सरली. साऱ्या बायका बघायला लागल्या. वाटलं, आता आई म्हणेल, ही माझी नाय.

आईनं चोळीची गाठ सोडली. दादा, तिच्या पाठभर कोड हाय! खांद्यापासून कमरेपर्यंत. बाबा असताना त्यांनी शपथ घातली होती म्हणे, पोरांनाही दिसू द्यायचं नाय. आई काकीला म्हणाली, मुंबईला नाय गेली, मीच कोंडली होती, माझी लेक हाय ही. आणि सगळ्यांसमोर पाण्यात उतरली.

काकी बराच वेळ काठावर उभी राहिली, मग तीही उतरली. बाकीच्या निघून गेल्या.

मला न्यायला येऊ नको, भेटायला ये. आता मी खाली असते. आईची पाठ मी जन्मात पहिल्यांदा चोळली, दादा. ती लहान पोरीसारखी रडत होती.

आम्हा दोघींवर लोभ असाच राहू दे.
तुळसा