नॉर्वेचा कप्तान आणि आईची पाटी

अलिबाग कोळीवाडा, नारळी पुनवेनंतरचा सोमवार, १९३१

तीर्थरूप रावजीमामांस,
चंदरचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. मामींचे गुडघे कसे आहेत ते कळवावे.

तुम्ही मुंबईच्या गोदीतून हवापालटासाठी आमच्याकडे धाडलेला नॉर्वेचा खलाशी ओलाफ ठणठणीत होऊन गेला. (आला तेव्हा तापाने फणफणत होता, आईच्या कालवणाने उठला.) त्याची भाषा शिकलो तर त्याच्या बोटीवर जागा मिळेल, असे तुम्हीच लिहिले होते, म्हणून पावसाळाभर, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असेपर्यंत, मान मोडून शिकलो. मामा, ती माणसे शब्दांच्या बाबतीत भारी काटकसरी! एकेका शब्दाकडून दोन-तीन कामे करून घेतात. 'रू' म्हणजे वल्हवणे आणि 'रू' म्हणजेच शांतता. (भिकूकाका तांडेल म्हणून हुकूम सोडत असताना आमच्या होडीत हे दोन्ही एकदम कधी झालेले नाही.) 'फ्यूर' म्हणजे आग, दीपगृह, शिवाय एखादा गडीसुद्धा. 'फो' म्हणजे मिळणे आणि 'फो' म्हणजेच थोडके. 'यिफ्ट' म्हणजे लग्न झालेला, आणि विषही! ओलाफ म्हणे, माणसाविषयी बोलत असले तर लग्न समजायचे, बाटलीविषयी असले तर विष. युक्ती एकच, वाक्य संपेपर्यंत तोंड मिटून ऐकावे, शेजारचे शब्द अर्थ सांगतात.

ओलाफला न्यायला कप्तान लाँच घेऊन बंदरावर आला, तेव्हा त्याने तिथेच माझी परीक्षा घेतली. माझा एक शब्द चुकला नाही. त्याने पाठ थोपटली आणि विचारले, पगार काय घेशील? हा तर भाव झाला! आपल्यात मासळी धरावी पुरुषाने आणि भाव करावा बाईने. ती रीत मी कशी मोडू? (आणि मला भाव करता येतो कुठे?) धावत जाऊन आईला बाजारातून मासळीच्या पाटीसकट घेऊन आलो. कप्तानाने आकडा सांगितला, मी तो आईला समजावला. आई कडाडली, "माजा पोर हाय तो, सुका बोंबील न्हाय!" आणि बाजारच्या रीतीने पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली. आता गिऱ्हाइकाने मागून हाक मारायची असते, हे नॉर्वेच्या माणसाला कोण सांगणार? त्याने टोपी काढून अदबीने निरोप घेतला आणि ओलाफला घेऊन लाँचमध्ये चढला. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण घरी कोलंबीचे कालवण होते, आणि दोनदा मागून घेतले.

तुमचा भाचा,
चंदर

ता. क. बोट अजून मुंबईस आहे. कप्तानाला गाठून एवढेच सांगा, की आईला एकदा हाक मारा. ती वळेल, निम्म्यावरसुद्धा उतरेल.

आणखी ता. क. मामा, वरचे काही सांगू नका. मी इथेच बरा आहे. आई बाजारात पाटी उचलून निघते तेव्हा मुद्दाम रेंगाळत चालते, हाक ऐकू यावी म्हणून. त्या दिवशी तिला गाठायला मला पळावे लागले.