आईला काय झालं आहे, हे आईला सांगण्याबाबत

नागपूर,
बुधवार, ११ डिसेंबर १९७४

ती. देवरावमामांना शामलाचा मनापासून जयभीम.

एखाद्या बाईच्या पोटात काय आहे हे घरच्या सगळ्यांना सांगायचं आणि फक्त तिलाच सांगायचं नाही, हे कोणत्या कायद्यात बसतं? गेले आठ दिवस मी याचं उत्तर शोधते आहे आणि मला ते देता येत नाही. बी.ए. झाले, संध्याकाळच्या लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, तरी देता येत नाही. तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा कसा आहे? सावनेरला थंडी जास्त असते, खाणीतून घरी येताना कान बांधून घ्यावेत. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आई अजून दवाखान्यातच आहे.

तुम्ही मागच्या रविवारी येऊन गेलात, त्यानंतरची हकीकत कळवते. तुम्हाला आठवत असेल, डॉक्टरांनी विचारलं होतं, घरचा जबाबदार माणूस कोण? मी उठून उभी राहिले. डॉक्टरांनी माझ्यावरून नजर फिरवून बाबांना आणि तुम्हाला व्हरांड्यात नेलं आणि तिथे सांगितलं की पिशवीत गाठ आहे, ऑपरेशन करून काढावी लागेल, गाठ साधीच दिसते, पण बाईंना सांगू नका, घाबरतील. (मी दाराआड होते. दार जाळीचं आहे.) तुम्ही दोघांनी ते मान्य केलं. पण आईला मग काय सांगायचं, हे मात्र तुम्ही दोघांनी आपसात ठरवलं नाही. सगळा घोटाळा तिथून झाला.

बाबांनी तिला सांगितलं, वात आहे. तुम्ही जाताना सांगून गेलात, उष्णता आहे. शेजारच्या यमुताई भेटायला आल्या, त्यांना कोणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने सांगितलं की नजर लागली आहे. (आपण नजर मानत नाही, पण आई यमुताईंना मानते.) आईने तिन्हींवर विश्वास ठेवला आणि तिन्हींची पथ्यं धरली. वातासाठी आलू, भात आणि चण्याची डाळ बंद. उष्णतेसाठी तिखट, अंडी, गूळ आणि चहा बंद. नजरेसाठी परक्या हातचं बंद, म्हणजे दवाखान्याचं जेवणही बंद. उरलं मुगाचं वरण आणि ज्वारीची अर्धी भाकर. आठ दिवसांत रक्त इतकं उतरलं की डॉक्टर म्हणाले, या रक्तावर ऑपरेशन करता येणार नाही, तुम्ही पेशंटला खाऊ घालत नाही का?

त्यात फॉर्म आला. फॉर्म इंग्रजीत, म्हणून घरची पदवीधर या नात्याने माझ्यापुढे आला. त्यात पहिल्याच ओळीत छापलं आहे की ऑपरेशन काय आहे हे पेशंटला समजावून सांगण्यात आलं आहे. मी विचारलं, कधी? क्लार्क म्हणाला, “बाई, सही खाली असते, तुम्ही वर कशाले वाचून राहिल्या?” मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मी घरच्या जबाबदार माणसाला सांगितलं आहे. मी म्हटलं, आई जबाबदार नाही का? ते म्हणाले, त्या पेशंट आहेत. (माणूस वाईट नाही. दोन रात्री झोपलेला नव्हता.)

मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरने पेशंटला सगळं सांगितलंच पाहिजे असा सरळ कायदा आपल्याकडे मला तरी माहीत नाही. पण दंडविधानाचं नव्वदावं कलम वाच, चुकीच्या समजुतीने दिलेली संमती ही संमती नव्हे. मी ते वहीत उतरवून वॉर्डात नेलं आणि बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “कलम बराबर आहे वं, पण तुळसा गेली ना.” बाजूच्या खाटांवरच्या बायकांनी मात्र ऐकलं, आणि तासाभरात सहाजणी आपापले कागद वाचून घ्यायला आल्या. एकीने आठ दिवस उशाखाली जपलेला कागद तिच्या नवऱ्याच्या रजेचा अर्ज निघाला.

तुळसाआत्याचं मीही विसरलेले नाही. तिला दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजार काय आहे ते तोंडावर सांगितलं, ती कपड्यांची पिशवी उचलून सरळ मोटारस्टँडवर गेली, आणि परत आणली तेव्हा उशीर झाला होता. बाबांची बहीण होती. म्हणून ते म्हणतात, देवराव हो म्हणेल तर सांगू, नाहीतर नाही. सांगितलं तर आई पळून जाईल ही भीती, आणि नाही सांगितलं तर पथ्यानेच जाईल. दोन्ही खरं आहे. तरी तिचे थोरले भाऊ म्हणून आपण विचार करून उलट टपाली परवानगी कळवावी, ही नम्र विनंती.

आपली भाची,
शामला

ता. क. वरचं पत्र सोमवारी लिहिलं होतं, तारीख आज घातली. काल दुपारी मी आईला सांगितलं. बाबा खाली औषध आणायला गेले होते. मी जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं, साधी दिसते आणि काढल्यावर तपासायला पाठवतील, हेही सांगितलं. ती म्हणाली, “केवढी हाय वं?” मी म्हटलं, मोसंबीएवढी. “काढल्यावर पाणी भरता येईन का मले?” दोन महिन्यांनी. “अन् मंग वात कोणाले हाय?” मी म्हटलं, कोणालाच नाही. तिने चपला घातल्या आणि ती वॉर्डाबाहेर गेली. मी मागे धावले. माझ्या डोळ्यांपुढे तुळसाआत्याच होती. आई फाटकाबाहेर ठेल्यावर उभी राहिली आणि तिने तिखटजाळ तर्री-पोहे मागितले. एक प्लेट संपवून दुसरी मागितली. वर दोन आलूबोंडे, वर चहा. मग तोंड पुसून म्हणाली, “चाल, कुठं सही करायची थे दाखव. पण आधी त्या डाक्टराले बोलाव, मले इचारायचं हाय.” डॉक्टर वीस मिनिटं खाटेजवळ बसले. सही तिने स्वतः केली. संध्याकाळी बाबांनाही तिनेच सांगितलं. ते रडले, आणि नंतर जेवले.

ता. क. दुसरा. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. त्याआधी रक्ताच्या दोन बाटल्या द्याव्या लागतात, गट कोणताही चालतो, त्या बदल्यात ते आईच्या गटाचं देतात. बाबांचं वजन कमी भरलं. एक बाटली मी आज सकाळी दिली. यात काय होतं ते तुम्हाला आधी सांगणं माझं काम आहे: जाड सुई असते, टोचताना दुखतं, पंधरा मिनिटं लागतात, उठताना थोडी चक्कर येते, नंतर बिस्किटं देतात. दुसऱ्या बाटलीसाठी शनिवारी सकाळी नऊ वाजता मी तुमचं नाव लिहून दिलं आहे.