उणे एकतीस हजार

सर,

राजेश्वर गावाच्या वाटेवरच्या डाळमिलमधला तुम्ही बसवलेला कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात कायमचा बंद पडला. वजनकाट्याचा प्रोग्राम नव्या मशीनवर बसवायला मला बोलावलं. विंडोजच्या पोटात जुन्या काळचं खोटं डॉस उभं करून त्यात तुमची ती प्रोग्रामिंगची भाषा, फोर्थ, चालवली, तीन दिवस गेले. पाठ धरली आहे, डोळे चुरचुरतात, आणि खरं सांगायचं तर आता या कामाचाच कंटाळा आलाय.

बसवकल्याणच्या क्लासात तुम्ही फोर्थ शिकवलंत ते भाकऱ्यांच्या दुरडीवरून. शेवटी ठेवलेली भाकरी आधी हाताला लागते, या भाषेत आकड्यांचंही तसंच, आणि कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाला म्हणायचं शब्द. मिलचं काम आलं तेव्हा वजन पडद्यावर दाखवायचा भाग तुम्ही माझ्याकडे दिलात आणि बजावलंत, "छापायचा साधा शब्द घालू नको. बत्तीस हजार किलोच्या वर गेलं की आकडा उणे दिसतंय."

"एवढी जड गाडी इथं कोण आणायलंय, सर?"

"न्हाई आणली तर न्हाई. तू घाई कामून करायलीस?"

मी हो हो म्हणाले आणि साधाच शब्द ठेवला.

तुरीच्या सुगीत चौतीस टनांचा ट्रेलर काट्यावर चढतो. पडद्यावर उणे एकतीस हजार पाचशे छत्तीस. रांगेतले ड्रायव्हर हसतात. मालक सगळ्यांदेखत विचारतात, "मास्तर, तुमची मिशिन पिऊन आली काय?" तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "माझं चुकलं, अप्पा," म्हणता आणि कीबोर्डपाशी बसता. थोड्या वेळानं आकडा बरोबर येतो. पण गोष्ट सगळीकडे पसरली होती. त्यानंतर आसपासच्या एकाही मिलनं तुम्हाला बोलावलं नाही, वर्षभरात क्लास बंद झाला. मी तोवर कलबुर्गीला नोकरीला लागले होते. तुम्ही गेलात तेव्हाही आले नाही.

परवा प्रोग्राममधला माझा तो भाग उघडला. जो लिहील त्यानं पहिल्या ओळीत आपलं नाव घालायचं, ही तुमची शिस्त. तिथं माझं नाव असायला हवं होतं. तुमचं होतं. त्या दुपारी शब्द बदलताना तुम्ही नावही बदललंत, आणि मला कधी बोलला नाहीत. मला फार लाज वाटली, सर.

शेजारी मालकांची मुलगी बसली होती, आता मिल तीच बघते. ट्रेलरचा किस्सा तिनं वडिलांकडून ऐकलेला. तिनं हसत विचारलं, "अक्का, ती चूक नेमकी कुणाची होती हो?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहवतंय. आता मला कुणाचा धाक नव्हता, माझं काही जाणारही नव्हतं. तरी मी पडद्यावरच्या तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आमच्या सरांची."