डाव्या पंखापलीकडचं उत्तर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे मी ठणठणीत आहे. तूही असशील असं धरून चालतो, कारण सात महिन्यांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस (फोन उचलून ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देतेस, त्याला मी उत्तर मानत नाही). पत्रास कारण की, आमच्या विमान क्लबाच्या सेक्रेटरीने फतवा काढला आहे. एक तारखेपासून यादी मोठ्याने वाचायची नाही, वैमानिकाने एकट्याने छापील कागदावर खुणा करायच्या आणि उडायचं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

यादी तुला पाठच असेल, भाऊजी झोपेतही बडबडायचे. उडण्याआधी विमानाभोवती फिरत वैमानिकाने, म्हणजे मी, एकेक ओळ वाचायची; मेकॅनिकने, म्हणजे भाऊजींनी, त्या भागाला प्रत्यक्ष हात लावायचा आणि मगच ‘लावला’ म्हणायचं. एकदा त्यांचं काम माझ्याकडे असताना मी आळसाने लांबूनच ‘लावला’ म्हणालो (शेपटीला काय होणार आहे, शेपूट आहे तिथेच आहे), तर त्यांनी मला सगळ्यांदेखत शेपूट धरून पंधरा मिनिटं उभं केलं. सख्ख्या मेहुण्याला असं वागवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते तापाचं निमित्त होऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणी मिळेना. मग मीच वाचायचो, मीच हात लावायचो. आपणच आपल्याला उत्तर देताना वेड्यासारखं वाटे, म्हणून उत्तर देणं सोडून दिलं. तिसऱ्या आठवड्यात, सकाळी, लख्ख उन्हात, मी ‘तेल’ म्हणून तेलाची काडी पुसून पाहिली, तर डाव्या पंखापलीकडून कोणीतरी ‘लावला’ म्हणालं. मला वाटलं, रखवालदार. वाकून विमानाच्या पोटाखालून पाहिलं, तर पलीकडे पाय नव्हते. तुझा भाऊ शूर नाही, हे तुला पहिल्यापासून माहीत आहे. माझी पाचावर धारण बसली. पण यादी अर्धी टाकून पळालो तर भाऊजी काय म्हणतील, ही भीती त्याहून मोठी. शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक ओळीला उत्तर आलं.

माणूस कशालाही सरावतो, मीही सरावलो. रखवालदार त्या वेळी मुद्दाम फाटकाशी जाऊन बसतो (आमच्यात यावर कधी बोलणं झालेलं नाही). मी चुकारपणा केला, तर मात्र पलीकडे चिडीचूप. गेल्या मंगळवारी मला घाई होती. टाकीच्या तळातलं इंधन पेल्यात काढून त्यात पाणी आहे का ते बघायचं असतं. कालच तर बघितलंय, असं म्हणून मी नुसतंच ‘इंधन’ वाचलं. उत्तर नाही. पुन्हा वाचलं. उत्तर नाही, पण पंखाच्या पत्र्यावर बोटं वाजली, भाऊजी चिडले की जेवणाच्या टेबलावर वाजवायचे तशी. मुकाट्याने पेला धरला. तळाशी बोटभर पाणी. झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोचलो असतो आणि इंजिन बंद पडलं असतं. त्या दिवशी मी उडालो नाही. पंखाखाली बसून रडलो, तुझ्याशी कसली लाज.

एक तारखेनंतर वाचणं बंद म्हणजे उत्तरही बंद. सेक्रेटरीला कारण सांगावं, तर तो मला डॉक्टरकडे पाठवील. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. – लिहायचं होतं ते राहिलंच. रविवारी सकाळी शेवटची यादी आहे. तू ये. वाच तू, मी नुसता हात लावीन. तुझ्या आवाजाला ते उत्तर देतील की नाही, मला माहीत नाही. पण सात महिने घरात कोंडून घेतलंस, एक सकाळ माझ्यासाठी बाहेर पड.

आणखी एक – पत्र पाकिटात घालण्याआधी आजची यादी वाचून आलो. तुला बोलावल्याचं मी कोणालाही सांगितलेलं नाही. शेवटच्या ओळीला ‘लावला’ आलं, मी वळलो, आणि मागून यादीत नसलेलं वाक्य पहिल्यांदाच ऐकलं: “तिला म्हणावं, चपला घालून येऊ नकोस. इकडे तेल सांडलेलं असतं, घसरशील.”

तेव्हा ताई, बूट घालून ये.