बारा घरांचे खांब

आबा, तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला जी पत्रं लिहिली ती खरं म्हणजे तुमच्यासाठी नव्हतीच. तुम्हाला वाचता येत नव्हतं. कसालच्या शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे, आणि त्यांना माझं मराठी कसं वाटेल याच्याच विचारात मी लिहायचो. आता वाचून दाखवणारं कोणी नाही, त्यामुळे शोभेचं काही लिहायला नको. त्या बारा घरांबद्दल लिहायचं आहे. साठ वर्षं होऊन गेली असतील. या साठ वर्षांत मी लग्न केलं, हेडक्लार्क झालो, पेन्शनीत निघालो, पण कुठल्याही घरात शिरलो की माझी नजर आधी खांबाकडे जाते आणि मग मला त्या घरात नीट बसवत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, आपला जिल्हा अजून रत्नागिरीच होता, आणि मी किनाऱ्यावरच्या नगरपालिकेत नवीन लागलो होतो. त्या साली वादळाने दर्याकाठच्या झोपड्या नेल्या. माणसं शाळेच्या पडवीत आणि शिडाच्या कापडाखाली राहत होती. नगरपालिकेने त्यांना बारा घरं बांधून द्यायचं ठरवलं, पण ओव्हरसियर म्हणाले, पावसात बांधकाम होणार नाही, आणि पावसानंतर सुरू केलं तर पुढचा पाऊस येईपर्यंत पुरं व्हायचं नाही. मी मध्येच तोंड उघडलं. म्हटलं, घराचा सांगाडा आधी दुसरीकडे करून ठेवता येईल. खांब, तुळया, दारं, खिडक्या सगळं एका मापाचं, पावसाचे चार महिने मांडवाखाली बसून घडवलेलं, आणि दिवाळीनंतर गाड्यांतून आणून चिऱ्याच्या जोत्यावर नुसतं उभं करायचं. झाडंही तोडायला नकोत, त्याच वादळात आतल्या गावांत फणसाची आणि ऐनाची किती झाडं आडवी झालीत. अध्यक्षांना कल्पना आवडली. त्यांनी विचारलं, असं काम करील कोण? मी म्हणालो, "कसालला एक सुतार आहेत." एक सुतार म्हणालो, आबा. माझे वडील आहेत असं म्हणालो नाही.

मी कसालला येऊन सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही विड्याचं पान जुळवायला घेतलंत. मग म्हणालात, "घडयतलो एक आनि उभारतलो दुसरोच, ह्या माका पटाक नाय रे." तुमच्या हातचा खांब तोवर तुमच्याच हाताने उभा राहत आलेला. खांब उभा करताना झाडाचा बुंधा खाली आणि शेंडा वर, उलटा खांब घराला लाभत नाही, हे तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतंत, पण ते कधी कोणाला बघावं लागलं नव्हतं, कारण तो कुठून कसा कापला हे तुम्हाला पाठ असायचं. इथे ओव्हरसियरना दोन्ही टोकं सारखी हवी होती, म्हणजे कुठलाही खांब कुठल्याही घरात बसावा आणि गड्यांना विचार करावा लागू नये. तुम्ही तसं केलंत. लोखंडी खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर, म्हणजे उद्या दर्या आणखी आत आला तर घर सोडवून उचलून नेता येईल. त्या चार महिन्यांत मी दोनदा कसालला आलो. मांडवात तासलेल्या फणसाचा पिवळा भुगा, बाहेर पाऊस, आणि तुम्ही कोणाशी न बोलता बहात्तर खांबांच्या बुंध्याकडच्या टोकाला गेरूची एकेक रेघ ओढताय. तुमचा चेहरा मी इतका समाधानी पुन्हा बघितला नाही.

दिवाळीनंतर गाड्या निघायच्या होत्या. तुम्ही सोबत येणार असं धरून चालला होतात. मी पत्र लिहिलं की येण्याची आवश्यकता नाही, उभारणीसाठी येथे माणसे आहेत. मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माणसं होती हे खरंच, पण कारण ते नव्हतं. तुम्ही पंचा नेसून, कानावर पेन्सिल खोचून अध्यक्षांसमोर मला हाक मारली असतीत आणि ऑफिसात सगळ्यांना कळलं असतं. मला तुमची लाज वाटत होती. यापेक्षा चांगला शब्द मी पुष्कळ शोधला.

तुम्ही गाडीवानाकडे निरोप दिलात. त्याने तो चोख पोचवला. "सुतारान सांगल्यान हा, गेरवाची रेग आसा ती बाजू खाली." मी हो म्हटलं. त्याच दुपारी ओव्हरसियर म्हणाले, जमिनीलगत वाळवी लागेल, दोन्ही टोकांना हातभर डांबर फासून घ्या. अध्यक्ष चार दिवसांनी बघायला येणार होते. मी डांबराचं पिंप उघडायला सांगितलं, आणि गडी फासत असताना सावलीत उभं राहून यादीवर खुणा करत होतो. रेघा काळ्या होताना मला दिसत होत्या. थांबा म्हणायला एक शब्द लागला असता.

घरं सुरेख उभी राहिली. दहा दिवसांत बारा. मग ज्यांच्यासाठी बांधली ती माणसं बघायला आली. त्यांच्यात होड्या बांधणारा एक म्हातारा होता. त्याने पहिल्याच घरात खांबावरून हात फिरवला, एका गाठीपाशी थांबला, आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, "हो डोक्यार उभो आसा. ह्या घरात आमी रवाचंव नाय." मग दुसऱ्या घरात तसाच एक निघाला. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. माणसं पोरंबाळं घेऊन परत शिडाच्या कापडाखाली गेली. एक कुटुंब मात्र राहिलं, शेवटच्या घरात, कारण त्यांची सून गरोदर होती आणि उघड्यावर तिचे हाल होत होते.

तुम्हाला बोलावणं गेलं. तुम्ही ऑफिसात उभे होतात, मी टेबलामागे बसलेलो. अध्यक्षांनी मला विचारलं, सुताराने काही खूण केली होती का? मी म्हणालो, "नव्हती, साहेब." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, आबा. लहानपणी मला ताप आला की बघायचात तसं बघितलंत. आणि मग म्हणालात, "होय सायबानु, माजी चूक झाली. माका दोन म्हयने दिया, मी सगळे बघून फिरयतंय." सायबानु म्हणताना तुमची मान माझ्याकडे होती. पन्नास गावांत ज्याच्या खांबावर कोणी बोट ठेवलं नव्हतं त्या माणसाने त्या दिवशी आपलं नाव माझ्या टेबलावर ठेवलं, आणि मी कागद पुढे ओढून ते लिहून घेतलं.

मग मार्गशीर्ष आणि पौष तुम्ही त्या वाळूत काढलेत. तुळईला टेकू द्यायचा, खुंट्या सोडवायच्या, पटाशीने डांबर खरवडायचं, त्याबरोबर गेरूही निघायचा, म्हणून लाकडावर पाणी मारून गाठीवरून अंगठा फिरवायचा आणि बुंधा कुठला ते ओळखायचं. सरळ असला तर तसाच ठेवायचा, उलटा असला तर काढून फिरवायचा. तो होडीवाला म्हातारा रोज मदतीला यायचा आणि तुम्ही दोघं दोन शब्दांत दिवस घालवायचात. ऑफिस सुटलं की मी येऊन उभा राहायचो. मला वाटायचं तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही विचारायचात, "जेवलंस?" एकेक घर झालं की एकेक कुटुंब आत जायचं. अकरा झाली. शेवटच्या घरातले बाहेरचे पाचही खांब झाले आणि मधल्याला हात लावायच्या सकाळीच ती सून बाळंत झाली. बाळंतिणीची बाज त्याच खांबाला लागून होती. तुम्ही हत्यारं गोळा केलीत. "बारसा होवंदे," म्हणालात, "मगे बघूया."

बारशाच्या आतच तुम्हाला छातीचं दुखणं लागलं. मी तुम्हाला गाडीत घालून कसालला आणलं. या वेळी तुमच्या शेजारी बसून आलो, वाटेत ज्याने विचारलं त्याला माझे वडील म्हणून सांगितलं. कोणी फारसं विचारलं नाही. त्या आजारात तुम्ही तुमच्या प्रकृतीबद्दल एकदाही बोलला नाहीत. एका सकाळी अंगावरचं पांघरूण सारून म्हणालात, "त्या बाळंतिणीचो मदलो खांब?" मी म्हटलं, "झाला आबा. म्हाताऱ्यान आनि मी मिळान बघितलो." "बुंधो खाली?" "खाली." तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बरा झाला. मगे तुका येता." त्यानंतर तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

कोणीही बघितला नव्हता, आबा. म्हाताऱ्याला मी सांगितलं की तुम्हीच तो बघून गेलात, आणि त्याने तुमचं नाव ऐकून विश्वास ठेवला. पहिल्यांदा खोटं बोललो ते माझ्यासाठी होतं, या दोन वेळा तुमच्यासाठी बोललो असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं.

गेल्या महिन्यात त्या घरी बोलावणं होतं. तेव्हा जन्मलेल्या मुलीच्या नातवाचं बारसं. अकरांपैकी काही घरं आता सिमेंटची झाली आहेत, हे तसंच आहे, कौलं तेवढी बदललेली. बाज पुन्हा मधल्या खांबाजवळच होती. घर भरलेलं, हसतं. त्या बाईने मला खुर्ची दिली ती खांबाला टेकूनच. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी हात मागे नेला आणि लाकडावर ठेवला. एक गाठ हाताला लागली. तिच्यावरून अंगठा वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

मला काही कळलं नाही, आबा. दोन महिने मी तुमच्या शेजारी उभा होतो, आणि गाठ कशी वाचायची हे तुम्हाला एकदाही विचारलं नाही. तो खांब कदाचित सरळही असेल. मला ओळखता येत नाही.