उजवीकडचं फूल

घाटकोपर,
८ एप्रिल १९८५

ती. आईस,
सुलक्षणाचा शि. सा. न.

सुट्टी लागली की नंदाला घेऊन हे तिकडे येतील. तिच्या अंगावर पाण्याचे फोड उठतात ते कांजिण्या नव्हेत, कुणाला लागतही नाहीत. डॉक्टर म्हणाले, तिचं शरीर स्वतःच्याच कातडीशी वैर करतंय. लहान मुलांत क्वचितच होतं. पण चाळीत कोण ऐकतंय! नळावर बायका आपापली पोरं ओढून घेतात. सहा वर्षांची पोर मला विचारते, मला कुणी मांडीवर का घेत नाही.

गोळ्यांनी आता फोड सुकलेत, तोंड मात्र सुजलंय. सकाळी दुधानंतर गोळी द्यायचीच. अंग साफ दिसलं तरी बंद करायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय. बाकी कर हवे तेवढे लाड, मला मेलीला आता कोण विचारतंय!

तुझी माया आहेच, ती असू दे.
तुझी सुलक्षणा

गावाहून,
१२ मे १९८५

चि. सौ. सुलक्षणास,
अनेक आशीर्वाद.

गो बाय, नंदा अंगणभर हुंदडते, फणसाचे गरे खाते, माझ्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नाही. फोडाचं नाव नाही!

आता रागावू नकोस. गोळी बघितली की पोर रडायची. तोंड केवढं सुजलेलं, मला बघवेना. गुरवाकडून देवीला कौल लावला, गोळ्या बंद करू का म्हणून. उजवीकडचं फूल टपकन पडलं. देवीच हो म्हणाली, मग मी कोण गो? तेव्हापासून बंद केल्या. सूजही उतरतेय. कालपासून जरा मलूल आहे, उन्हाने असेल. देवीची ओटी भरायला ये.

जावयांना आशीर्वाद सांग.
तुझी आई

घाटकोपर,
२३ जून १९८५

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं तसे हे एसटीने धावत आले होते. तोवर अंगभर फोड उठलेले, पोर तापाने फणफणलेली. तशीच तिला इथे इस्पितळात आणली. इथले डॉक्टर म्हणाले, या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात. नंदा गेली, ते तारेने कळवलंच.

दत्तारामदादा लिहितो, तू जेवत नाहीस. आई, मी तुझ्यावर फार चिडलेय गं. देवीला विचारलंस, एकदा मला विचारायचं होतंस! हे तर म्हणतात, तिला या घरात पाऊल टाकू देऊ नकोस.

पण शेवटपर्यंत पोर आजी, आजी करत होती. चाळीतल्या बायका येतात, डोळ्यांना पदर लावतात. एकीनेही तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. त्यांच्यासमोर मला रडूच येत नाही. तिला उराशी धरून निजवलंस ते तूच. दादाला घेऊन ये. मी भांडेन, वाट्टेल ते बोलेन. पण रडायचंय मला, आणि ते तुझ्याच गळ्यात पडून.

माया तोडू नकोस.
तुझी सुलक्षणा